शिकारीनंतरची गोष्ट

या संग्रहातल्या लेखांचे विषय पहिल्या नजरेला एकमेकांपासून बरेच दूरचे वाटतील. एक लेख बेटावर अडकलेल्या मुलांच्या कादंबरीवर आहे, एक फासेपारध्यांच्या फाशांवर, एक मराठवाड्यातल्या चान्यांवर, म्हणजे वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्यांवर, तर एक आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या सुक्या मासळीवर. लिहिणारे सगळे पुण्यात राहणारे आणि एकमेकांचे जुने मित्र. कोणी कोकणातून इथे आले, कोणी धाराशिवकडून, कोणी पेठेतच लहानाचे मोठे झाले. त्यांना एकत्र आणले वाचनाने. सगळे गमावून बसलेला माणूस तरीही जगून दाखवतो, अशा कथा-कादंबऱ्या ते वर्षानुवर्षे एकमेकांना देत आले. पुस्तकांवरचे बोलणे शिकारीवर गेले, शिकारीवरून मांस टिकवण्याच्या रीतींवर गेले आणि तिथून आपापल्या आज्यांच्या स्वयंपाकघरांपाशी येऊन पोचले. त्या बोलण्यातून हे पुस्तक तयार झाले.

सगळे लेख सलग वाचल्यावर मला त्यांत एक समान धागा दिसला. तो आधीच सांगतो. तगून राहण्याच्या गोष्टीत आपली नजर शिकारीवर खिळते : बंदुकीचा बार, गळाला लागलेला मासा, फाशात सापडलेले तित्तर. पण माणूस जगतो तो त्यानंतरच्या कामावर. मारलेले सोलायचे, कापायचे, मीठ लावायचे, वाळवायचे, पुरवून खायचे आणि वाटून द्यायचे. शिकार एका दिवसात संपते, पुढचे सगळे दिवस या कामाचे असतात. कथांनी या कामाला थोडी जागा दिली आणि ते करणाऱ्या माणसांना समाजाने मानही थोडाच दिला. या पुस्तकाने ते काम मध्यभागी आणले आहे, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते.

असे वाचनाचे मैत्र पुण्याला नवे नाही. पु. ल. देशपांडे यांनी हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा ‘एका कोळियाने’ हा अनुवाद केला. जी. ए. कुलकर्णी यांनी विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’ मराठीत आणली आणि कॉनरॅड रिक्टरच्या कादंबऱ्यांना ‘रान’, ‘शिवार’, ‘गाव’ अशी अस्सल मराठी नावे दिली. जी. ए. धारवाडला, पु. ल. आणि सुनीताबाई हे देशपांडे दांपत्य पुण्यात. सुनीताबाई आणि जी. ए. यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपाने आला आणि दोन वाचक एकमेकांना किती देऊ शकतात हे मराठी वाचकांनी पाहिले. आयुष्याच्या अखेरीस जी. ए. पुण्यात आले आणि ११ डिसेंबर १९८७ रोजी इथेच गेले. रान, समुद्र आणि निर्जन बेट यांच्या कथा मराठीत इतक्या ताकदीने आल्या, त्यामागे लेखकांच्या एका पिढीची ही आवड आहे.

या कादंबऱ्या शिकारीनंतरच्या कामाकडे लक्ष ठेवून पुन्हा वाचाव्यात, असे या संग्रहातला पहिला लेख सुचवतो. ‘एका कोळियाने’मधला म्हातारा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेला आहे. मग त्याच्या गळाला होडीपेक्षा लांब मासा लागतो. त्याच्याशी झुंजताना अंगात बळ राहावे म्हणून तो छोटी मासळी कच्चीच खातो आणि होडीत मीठ नाही याची त्याला चुटपुट लागते. दिवसभर होडीच्या नाळेवर समुद्राचे पाणी शिंपडले असते तर वाळून मीठ झाले असते, हे त्याला उशिरा सुचते. दुसरी चुटपुट त्याहून खोल आहे. पूर्वी होडीवर त्याच्याबरोबर असणारा पोरगा आत्ता सोबत हवा होता, असे तो पुन्हा पुन्हा म्हणतो. एवढा मोठा मासा तो मारतो, पण घरी पोचतो फक्त सांगाडा. वाटेत शार्क मांस ओरबाडून नेतात, कारण ते राखायला दुसरे हात नाहीत. हेमिंग्वेने ही गोष्ट पराक्रमाची म्हणून लिहिली आणि ती तशी आहेच. तरी सांतियागोला जे कमी पडते ते मीठ आणि सोबत, हे लक्षात आले की तीच गोष्ट वेगळी दिसू लागते.

‘लॉर्ड ऑफ द फ्लाईज’मधली मुले डुकराची शिकार करतात, भाजतात, नाचतात. त्या पहिल्या शिकारीच्या धुंदीत डोंगरावरचा धुराचा जाळ विझतो आणि क्षितिजावरून जहाज निघून जाते. मांस मिळते, सुटकेची संधी जाते. उद्याची तजवीज करणारे तिथे थोडे आणि त्यांचे ऐकणारे त्याहून थोडे. ‘रान’मधल्या कुटुंबाचा बाप हाडाचा शिकारी आहे. सावज संपू लागले की त्याचे पाय नव्या जंगलाकडे वळतात आणि एक दिवस तो घर सोडून निघूनच जातो. मागे राहते थोरली मुलगी सेवर्ड. भावंडांना खाऊ घालणे, झाडे तोडून जमीन मोकळी करणे, धान्य पिकवणे हे सगळे ती करते. रानाचे शिवार आणि शिवाराचे गाव होते ते तिच्या हातून. १७१९ मध्ये आलेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’तही हीच खूण आहे. बंदुकीची दारू संपत चालल्यावर क्रूसो रानबकऱ्या पकडून कळप पाळतो, द्राक्षे झाडावरच वाळवून मनुका साठवतो. त्या बेटावर त्याला बंदुकीने काही वर्षे जगवले. उरलेली वर्षे निभावली ती कळपाने आणि साठवणीने.

मराठीत अशा गोष्टींसाठी दूरचे बेट लागत नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’मधला म्हातारा मुंबईत आयुष्य घालवून लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर परततो आणि झाडे, पाखरे, प्राणी यांच्या संगतीत एकटा राहतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ येतो आणि मेंढरे जगवण्यासाठी अख्खी वाडी रिकामी होते. तिथे तगणे म्हणजे कळप घेऊन वाट धरणे. माडगूळकर आकाशवाणीच्या नोकरीमुळे पुणेकर झाले. तरुणपणी ते बंदूक घेऊन रानात फिरले, शिकारीवर लिहिले आणि पुढे त्याच नजरेने नुसते पाहू लागले. ‘नागझिरा’ आणि वानरांच्या टोळ्यांवरचे ‘सत्तांतर’ ही त्या पाहण्याची फळे आहेत. ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. माग काढणे, वारा ओळखणे, तासन् तास न हलता बसणे, ही सारी शिकाऱ्याची विद्या. प्राण न घेताही ती वापरता येते, हे माडगूळकरांच्या लेखनाने दाखवून दिले. या संग्रहातल्या मित्रांची शिकारीविषयीची भूमिकाही त्याच वाटेवरची आहे.

शिकारीवरचा विभाग पुणे जिल्ह्यातच सुरू होतो. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून तिथे बारा-पंधरा वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकरी राहत होते. त्यांनी बांध घालून पाणी अडवले, जव पिकवले, धान्याची पेवे केली, चौकोनी घरे बांधली. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हवा कोरडी होत गेली. शेती खालावली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भिस्त वाढली. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिथल्या हाडांच्या ढिगांतून हे वाचले आहे. कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा त्या हाडांवर अजून दिसतात. क्रूसो शिकारीकडून कळपाकडे गेला. इनामगावची माणसे शेतीकडून कळपाकडे आणि शिकारीकडे वळली. पुण्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी तगून राहण्याची इतकी मोठी गोष्ट घडली, हे आपल्या शाळकरी मुलांना ठाऊक असायला हवे.

पुढच्या काळात शिकारीचे दोन प्रवाह वेगळे झाले. एक राजांचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मृगया राजाच्या करमणुकींत मोडते आणि मांसाच्या पाककृती राजाच्या भोगांत. कोल्हापूर दरबारी तर विसाव्या शतकापर्यंत शिकारी चित्ते पाळले जात आणि भारतातले चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणले जात. दुसरा प्रवाह पोटासाठी शिकार करणाऱ्यांचा. फासेपारध्यांना तित्तराची चाल, ससा कुठल्या वाटेने परततो, कुठल्या झुडपाआड फास लावायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. राजाच्या शिकारीची चित्रे आणि ग्रंथ झाले. पारध्यांच्या वाट्याला १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. १९५२ मध्ये तो रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का पुसला गेला नाही. फाशांवरचा लेख वाचताना हा फरक मनात असू द्यावा. विद्या एकच, पण राजवाड्यात ती कला ठरली आणि पालावर गुन्हा.

आज कायदा सगळ्यांना सारखा आहे, आणि तो असलाच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानप्राण्याला मारणे, पकडणे, फास लावणे, एवढेच काय तसा प्रयत्न करणेही शिकारच ठरते. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन शिकार करण्याची वाटही बंद झाली. माणसाच्या जिवावर बेतणारे किंवा पिकांची नासाडी करणारे जनावर असेल तर त्याचा निर्णय अधिकाऱ्यांनी घ्यायचा असतो, हौशी बंदूकधाऱ्याने नव्हे. या संग्रहातल्या एकाही लेखात शिकारीला उत्तेजन नाही. माळढोक आणि चित्ता यांचे काय झाले हे ठाऊक असलेल्या माणसाला ते देता येणार नाही. शिकारीची ओढ ज्यांना वाटते त्यांच्यासाठी कादंबऱ्या आहेत, रानातल्या पाऊलवाटा आहेत, दुर्बीण आहे. ही ओढ समजून घेण्यात गैर काही नाही. ती माणसाच्या फार जुन्या भुकेतून आली आहे.

१९७२ हे साल महाराष्ट्राला आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षीच्या दुष्काळात लाखो माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली, त्यांनी परदेशातून आलेले मिलो हे धान्य खाल्ले आणि मुलांना सुकडी मिळाली. एकीकडे रानातली जनावरे वाचवण्याचा कायदा होत होता, दुसरीकडे माणसे जगवण्याची धडपड चालू होती. आपल्या प्रदेशात तगून राहणे हा कल्पनेचा विषय कधीच नव्हता, हे त्या पिढीतल्या कोणाशीही बोलले तरी कळते.

इथून पुस्तक स्वयंपाकघरात शिरते. मला सर्वांत मोलाचा वाटलेला विभाग हाच. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वीची आगोट अजून भरली जाते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि कायदा नव्हता तेव्हाही खवळलेल्या समुद्रात होड्या जात नसत. त्या दिवसांसाठी बोंबील बांबूच्या मांडवांवर वाळतात, जवळा अंगणात पसरतो, कोळंबी सोलून वाळवली की सोडे होतात, बांगडे मिठात मुरतात. पुण्यात राहणाऱ्या कोकणी घरांत मे महिन्यात गावाहून येणाऱ्या पिशवीत आंब्यांबरोबर हा ऐवजही असतो. गोव्यात डुकराचे मांस मीठ, मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, आतड्यांत भरून चोरिस करतात आणि वाळवून किंवा धुरी देऊन ठेवतात. किनारा बदलला की रीत बदलते, हेतू तोच राहतो : पावसाचे महिने काढायचे.

देशावर, मराठवाड्यात, याच कामाचे नाव चान्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापायच्या, हळद-मीठ लावून कडक उन्हात दोरीवर वाळवायच्या, मग निखाऱ्यावर भाजून किंवा कालवणात शिजवून भाकरीबरोबर खायच्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची अशी तपशीलवार नोंद केली. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दलितांच्या अन्नाच्या आठवणी ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ या नावाने पुस्तकरूपात आणल्या. चान्यांची चव सांगताना त्यांच्यामागची व्यवस्था विसरता येत नाही. गावगाड्याने मेलेले जनावर ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले, त्यांच्याच वाट्याला ते मांस आले. एकदम आलेले मांस महिनोन्‌महिने पुरवायचे, म्हणून ही विद्या घडली. १९२७ मध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले आणि असंख्य घरांनी ते स्वाभिमानाने सोडले. त्या सोडण्याचा आदर राखूनच वाळवण्याची विद्या नोंदवायची आहे. ही दोन्ही कामे आपल्या इतिहासात मोठी आहेत. चान्यांवरच्या लेखाने हा तोल नीट सांभाळला आहे, हे मी आवर्जून सांगतो.

या सगळ्या रीतींमागचे शास्त्र एकच आहे. ताज्या मांसाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी असतो आणि कुजवणारे जंतू त्या पाण्यावर जगतात. मीठ ते पाणी ओढून घेते, ऊन आणि वारा ते उडवून लावतात, धूर वरचा थर कोरडा करतो आणि त्यातली काही द्रव्ये जंतूंना रोखतात. आंबटपणाही हेच काम करतो, म्हणून गोव्याच्या चोरिसात व्हिनेगर असते. चरबी मात्र वाळत नाही, ती खवट होते. म्हणून जाणती बाई चान्यांसाठी मांस कापताना चरबी बाजूला काढते. पट्टी पातळ हवी, नाहीतर वरून वाळून आतून ओली राहते. पुण्यात यासाठी हवा योग्य असते ती वैशाखात, दुपार कोरडी असताना. आषाढात दोरीवर काही वाळत घालण्यात अर्थ नाही.

लेखांत दिलेल्या कृती वाचून कोणी उत्साहाने कामाला लागेल, म्हणून एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. मांस बाटलीत भरून, झाकण लावून, साध्या पाण्यात उकळून ठेवू नये. हवा नसलेल्या जागी वाढणारा बोट्युलिझमचा जंतू उकळत्या पाण्याला दाद देत नाही. त्याचे बीजाणू मरायला सुमारे ११६ ते १२१ अंश सेल्सियस उष्णता ठरावीक वेळ मिळावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांनाच उकळते. हे विष वासावरून किंवा चवीवरून कळेलच असे नाही. फ्रान्समध्ये निकोला अपेरने १८१० साली डबाबंद अन्नाची रीत प्रसिद्ध केली, त्यानंतर पन्नासेक वर्षांनी पाश्चरने तिच्यामागचे कारण उलगडले. त्या प्रवासात चुकीची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. वाळवण्याआधी मांस आतपर्यंत नीट गरम करून घेणे, मीठ अंदाजाने न टाकता मोजून घेणे, पूर्ण वाळल्याची खात्री करणे आणि शंका आली तर फेकून देणे, हे नियम आजच्या घरांनी पाळावेत. आज्यांनाही ऊन, मीठ आणि वेळ यांचे नियम होतेच. ते कागदावर नव्हते, हाताला ठाऊक होते.

शेवटचा विभाग मांसाच्या वाट्यांवर आहे. आपल्या गावांत आजही चार-आठ घरे मिळून एक बोकड घेतात. कापून झाल्यावर सारखे वाटे घालतात आणि प्रत्येक वाट्यात थोडे काळीज, थोडी चरबी, थोडे हाड येईल याकडे सगळ्यांचे डोळे असतात. जुन्या हाक्याच्या शिकारीत रान उठवणारे आणि बार टाकणारे वेगळे असत, आणि मांसाचे वाटे पडत तेव्हा रान उठवणाऱ्यांना विसरून चालत नसे. वाळवण्याचे कामही एकट्याचे नाही. एकाने कापायचे, एकाने मीठ लावायचे, कोणी कावळ्या-मांजरांवर नजर ठेवायची. एकट्या सांतियागोला जे जमले नाही ते इथे सहज होते, कारण काम वाटले गेले आणि खाणेही वाटले गेले. माझ्या मते मैत्री आणि मांस टिकवण्याची विद्या यांचे नाते इथे आहे. साठवण एकट्याची असेल तर ती कोंडून ठेवलेली चीज होते. वाट्याची असेल तर ती चार घरांचा आधार होते.

हे पुस्तक कुठल्याही लेखापासून वाचायला घेता येईल. कादंबऱ्यांच्या प्रेमाने येणाऱ्यांनी पहिल्या विभागापासून सुरुवात करावी, पण चान्यांपर्यंत जरूर पोचावे. स्वयंपाकाच्या ओढीने येणाऱ्यांनी इनामगाव आणि पारधी यांच्यावरचे लेख चुकवू नयेत. जे मांस खात नाहीत त्यांनाही हे पुस्तक परके वाटणार नाही. कुरडया, सांडगे, मिठात मुरलेल्या कैऱ्या आणि वाळवलेल्या भाज्या त्याच उन्हात, त्याच मिठावर आणि त्याच काळजीने होतात.

एक मागणी मात्र मी वाचकांकडे करतो. ही विद्या ज्यांच्या हातात आहे ती माणसे आता वयस्क झाली आहेत. कोळीवाड्यातली मावशी बोंबील कधी उलटायचे हे वाऱ्यावरून ठरवते. मराठवाड्यातल्या वस्तीवरची आजी पट्टी दोन बोटांत वाकवून ती वाळली की नाही हे सांगते. पारध्यांच्या पालावरचा म्हातारा नुसत्या मातीवरून काल कोण गेले ते ओळखतो. त्यांच्याशी बसून बोला, त्यांच्या परवानगीने लिहून घ्या, त्यांचे नाव त्या नोंदीवर घाला. दुष्काळात आणि पावसाळ्यात ज्यांनी ही माती जगती ठेवली, त्यांच्या कामाला ग्रंथात जागा द्यायला आपण आधीच उशीर केला आहे. या मित्रांनी आपल्या आवडीतून त्या कामाला सुरुवात केली. ते पुढे नेण्यासाठी बंदूक लागत नाही. वही लागते, वेळ लागतो आणि समोरच्या माणसाविषयी आदर लागतो. हे तिन्ही आपल्यापाशी आहेत, अशा विश्वासाने मी हा संग्रह वाचकांच्या हाती देतो.